सोयाबीनमधला माठ आणि तणनाशक

माठ सगळ्यांच्या ओळखीचा आहे. मृगाचा पाऊस पडला की तो बांधावर उगवतो. उकिरड्यावर उगवतो. घरामागे सांडपाणी जाते तिथेही उगवतो. बायका त्याची कोवळी पाने खुडतात. लसूण आणि मिरची घालून परततात. भाकरीबरोबर ही भाजी फार गोड लागते. या घराण्यात पुष्कळ भाऊबंद आहेत. माठ आहे, तांदुळजा आहे, काटे असलेला काटेमाठ आहे. उपवासाला आपण राजगिऱ्याचा लाडू खातो. तो राजगिराही याच घराण्यातला.

पण हाच माठ सोयाबीनच्या पिकात शिरला, म्हणजे त्याला भाजी म्हणून चालत नाही. तिथे तो तण होतो. आणि तणांमध्ये तो मोठा दांडगा आहे.

आपले नागापूर मनमाडच्या रस्त्यावर आहे. गावाभोवती आता कारखाने झाले. तरी ज्यांच्याकडे रान आहे ती मंडळी खरिपात अजून पेरणी करतात. याच रस्त्याने पुढे गेले की राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ लागते. हे विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. सोयाबीनचे फुले संगम, फुले किमया हे वाण त्याच विद्यापीठाचे आहेत. वाण चांगला असला, खत वेळेवर पडले, पाऊसही झाला, तरी पहिला दीड महिना रान तणात राहिले तर शेंगा भरत नाहीत. खर्च सगळा होतो आणि पोती निम्मी भरतात. म्हणून हा धडा लिहिला आहे.

माठ इतका जोर का करतो?

सोयाबीनचे बी मोठे. ते जमिनीत एक-दीड इंचावर पेरतात. माठाचे बी अगदी बारीक. काळे, चकचकीत, मोहरीहूनही लहान. ते जमिनीच्या वरच्या थरातूनच उगवते. खोल गाडले गेले तर बहुतेक बी तसेच पडून राहते. नांगरट झाली, माती वर आली, ऊन लागले, ओल मिळाली, की ते जागे होते.

आणि ते सगळे एकदम उगवत नाही. इथेच खरी मेख आहे. जूनमध्ये एक पाळी उगवते. ती खुरपून काढली, की पुढच्या पावसाला दुसरी पाळी येते. ऑगस्टमध्येही काही झाडे उगवत असतात. एकदा खुरपले आणि सुटलो, असे माठाच्या बाबतीत होत नाही.

माठाला कडक ऊन आणि उष्णता मानवते. मक्याला, ज्वारीला जशी मानवते तशीच. म्हणून तो भराभर उंच होतो. सोयाबीन गुडघ्याएवढे असते, तेव्हा माठ कमरेला येतो. वरून ऊन खातो, खालून खत आणि पाणी खातो. सोयाबीन त्याच्या सावलीत पिवळे पडते.

बी तर किती धरतो! माठाच्या काही जातींचे एक जोमदार झाड लाखाच्या वर बी देते. अमेरिकेत पामर माठ म्हणून एक जात आहे. तिची मादी झाडे पाच लाखांपर्यंत बी देतात असे तिथल्या शास्त्रज्ञांनी मोजले आहे. समजा, लाखातले शंभरच बी पुढल्या वर्षी उगवले. तरी एका झाडाची शंभर झाडे झाली.

हे बी मरतही नाही लवकर. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बील नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी १८७९ साली एक गंमतीचा प्रयोग मांडला. निरनिराळ्या तणांचे बी वाळूत मिसळून बाटल्यांत भरले आणि बाटल्या जमिनीत पुरून ठेवल्या. काही वर्षांनी एक बाटली काढायची आणि बी पेरून बघायचे. बील वारले, पण त्यांच्या मागून आलेल्यांनी प्रयोग चालू ठेवला. माठाच्या एका जातीचे बी चाळीस वर्षांनंतरही उगवले! शेतात एवढे टिकत नाही. किडामुंगी खाते, बुरशी लागते, बहुतेक बी काही वर्षांत मरते. पण एक वर्ष माठ बियाला आला, तर पुढची कित्येक वर्षे निस्तरावे लागते, हे खरे.

हे बी शेतात येते कुठून? पुष्कळदा आपणच आणतो. बी धरलेला माठ जनावरांना टाकतो. त्यातले काही बी शेणातून जिवंत बाहेर पडते. ते शेण अर्धेकच्चे कुजलेले असताना शेतात पसरले, म्हणजे खताबरोबर माठाची पेरणी झालीच. खत चांगले कुजले, खड्ड्यात गरम झाले, तर बहुतेक बी मरते. दुसरी वाट मळणी यंत्राची. एका शेतातून दुसऱ्या शेतात जाताना ते झाडून घेतले नाही, तर शेजाऱ्याचे तण आपल्याकडे येते.

औषधाच्या आधीची कामे

तणनाशक चांगले की वाईट, यावर पारावर पुष्कळ वाद होतात. माझे मत असे आहे, की ते कोळप्याच्या जोडीला घ्यावे. कोळपे माळ्यावर टाकून नुसत्या बाटलीवर शेती करू नये.

पेरणीची घाई करू नये. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर आणि वाफसा आल्यावर सोयाबीन पेरावे, असे कृषी खाते सांगते. त्यात तणाच्या दृष्टीनेही फायदा आहे. पहिल्या पावसाने तणाची पहिली पाळी उगवते. ती दोन पानांवर असताना कुळवाची एक उथळ पाळी घालावी आणि मग पेरावे. फुकटात निम्मे तण गेले. पाळी उथळच घालावी. खोल घातली तर खालचे नवे बी वर येते.

पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी एक कोळपणी करावी. ३० दिवसांच्या सुमारास दुसरी करावी. ओळीतले तण कोळप्याला सापडत नाही, ते खुरप्याने काढावे. सोयाबीन फुलावर आल्यावर मात्र कोळपे घालू नये. मुळ्या तुटतात, फुले झडतात. दीड महिन्यानंतर सोयाबीनच्या ओळी एकमेकींना मिळतात. मग खाली सावली पडते आणि नवे तण फारसे वर येत नाही. म्हणजे सगळी लढाई पहिल्या चाळीस-पंचेचाळीस दिवसांची आहे.

अडचण अशी, की नेमके याच दिवसांत पाऊस लागून राहतो. आठ-आठ दिवस वाफसा येत नाही. कोळपे चालत नाही. खुरपायला माणूस मिळत नाही. सगळ्यांचे काम एकाच वेळी निघते. अशा वेळी तणनाशक उपयोगी पडते. खुरपणीवर ज्या बायांची चूल पेटते, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट बरी नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. ज्याचे रान पाच-दहा गुंठे आहे, घरात हात आहेत, त्याने औषधाच्या मागे लागण्याचे कारण नाही.

कोणते औषध कशाला?

तणनाशक हा एकच पदार्थ नाही. शेकडो प्रकारची औषधे आहेत. ज्वराचे औषध पोटदुखीला चालत नाही, तसेच हे आहे.

तणांचे ढोबळ दोन वर्ग धरा. एक गवताचा वर्ग. त्याची पाने लांब आणि अरुंद असतात. शिप्पी, लोणा गवत ही त्यातली. दुसरा रुंद पानांचा वर्ग. माठ, काटेमाठ, दुधी, गाजर गवत हे त्यातले. गाजर गवताच्या नावात गवत आहे, पण ते रुंद पानांचे तण आहे. नावावर जाऊ नये, पान बघावे.

आता एक नेहमी होणारी गोष्ट सांगतो. शेतकरी दुकानात जातो. म्हणतो, "सोयाबीनमधलं तण मरायचं औषध द्या." दुकानदार क्विझालोफॉप देतो. हे औषध सोयाबीनला चालते हे खरे. पण ते फक्त गवत मारते. माठाला त्याने काहीच होत नाही. उलट गवत मेल्याने माठाला रान मोकळे मिळते! शेतकरी म्हणतो औषध बनावट होते. औषध चांगलेच होते. तण दुसरे होते. म्हणून दुकानात जाताना तणाची चार झाडे उपटून बरोबर न्यावीत आणि दाखवावीत.

माठासाठी दोन वेळा आहेत. पहिली वेळ, पेरणी झाल्यावर आणि पीक उगवण्याच्या आधी. दुसरी वेळ, पीक उगवून तण दोन ते चार पानांचे असताना.

पहिल्या वेळी पेंडीमिथॅलिन वापरतात. ३० टक्क्यांचे असेल तर एकरी एक ते सव्वा लिटर लागते. ते पेरणीनंतर दोन दिवसांच्या आत, ओल्या जमिनीवर फवारतात. जमिनीच्या वरच्या थरात औषधाचा एक पातळ पापुद्रा होतो. माठाचे बारीक बी त्या पापुद्र्यातच उगवते. त्याची मुळी वाढू शकत नाही आणि ते तिथेच मरते. सोयाबीनचे बी खाली असते, जोमदार असते, ते तरून जाते. मात्र ढेकळे असतील, जमीन कोरडी असेल, तर हा पापुद्रा नीट होत नाही. फवारताना मागे मागे सरकत जावे. आपल्याच पायाने पापुद्रा मोडू नये. डायक्लोसुलम नावाचे आणखी एक औषध याच वेळी वापरतात. त्याची मात्रा एकराला १२ ग्रॅमच्या आसपास असते. एवढेसे औषध एकरभर! तेव्हा ते अंदाजाने टाकून चालतच नाही.

दुसऱ्या वेळी इमाझेथापायर वापरतात. १० टक्क्यांचे असेल तर एकरी ४०० मिलिलिटर. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन-तीन पानांवर असताना ते मारतात. हे औषध पानातून आणि मुळातून झाडात जाते. झाडाला वाढीसाठी जे घटक लागतात ते तयार होण्याचेच थांबवते. म्हणून माठ लगेच मरत नाही. आधी वाढ थांबते. मग शेंडा पिवळा पडतो. दोन-तीन आठवड्यांनी झाड जाते. चार दिवसांत मेले नाही म्हणून पुन्हा फवारणारे लोक आहेत. तसे करू नये. सोयाबीनही काही दिवस जरासे पिवळे दिसते, मग सावरते.

काही औषधे पान जाळणारी आहेत. फोमेसाफेन आणि ॲसिफ्लुओर्फेन ही त्यांची नावे. बाजारात ती गवत मारणाऱ्या औषधाबरोबर एकत्र करून मिळतात. एका बाटलीत माठाचे आणि गवताचे अशी दोन्ही औषधे येतात. यांनी माठ दोन-चार दिवसांत करपतो. सोयाबीनच्या पानांवरही तांबूस ठिपके पडतात. घाबरू नये, नवी पाने स्वच्छ येतात. मात्र माठ लहान हवा. तो वीतभर उंच झाला, की वरची पाने जळतात आणि खालच्या पेरातून पुन्हा फुटवे येतात. मग त्याला उपटण्यावाचून इलाज नाही.

ग्लायफोसेटचे नाव पुष्कळांनी ऐकले आहे. ते उभ्या सोयाबीनवर मारले तर माठाबरोबर सोयाबीनही मरते. अमेरिकेत ते सोसणारे सोयाबीन तयार केलेले आहे. आपल्या देशात तसले सोयाबीन लावायला परवानगी नाही.

टू-फोर-डी हे औषध उसात, ज्वारीत चालते. सोयाबीनला ते विष आहे. ते नुसते पंपाला चिकटून राहिले तरी पीक आकसते. पाने द्रोणासारखी वळतात, देठ वाकडे होतात. आपल्या जिल्ह्यात ऊस पुष्कळ आहे. पंप एकमेकांना देण्याची रीतही आहे. तेव्हा पंप मागून आणला तर आधी विचारावे, "दादा, यातून शेवटी काय मारलं होतं?" आणि विचारून झाले तरी साबणाच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावा. नळी आणि नोझलसुद्धा. शक्य असेल त्याने तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा.

मात्रा जमिनीची असते

आता जरा गणित करू. पाटी-पेन्सिल घ्या.

"एका पंपाला किती टाकायचे?" हा प्रश्न सगळे विचारतात. हा प्रश्नच अपुरा आहे. औषधाची मात्रा पंपाची नसते. ती जमिनीची असते.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. एकराला ४०० मिलिलिटर औषध, तर एका गुंठ्याला किती? ४०० भागिले ४०. उत्तर १० मिलिलिटर.

आता तुमचा पंप किती गुंठे भिजवतो? हे कुणी दुसरा सांगू शकत नाही. ते तुमच्या चालीवर आहे. पंपात १५ लिटर साधे पाणी भरा. शेतात एक गुंठा मोजा. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. नेहमीच्या चालीने तो फवारा. किती पाणी लागले ते बघा. समजा ५ लिटर लागले. मग १५ लिटरच्या पंपात ३ गुंठे होतील. ३ गुंठ्यांना ३० मिलिलिटर औषध. झाले, तुमच्या पंपाला ३० मिलिलिटर.

तुमचा भाऊ भरभर चालतो. त्याचा पंप ५ गुंठ्यांना पुरतो. त्याला एका पंपात ५० मिलिलिटर लागेल. तो तुमचे ऐकून ३०च टाकील, तर एकराला आठ पंप होतील आणि औषध पडेल २४० मिलिलिटर. माठ अर्धामुर्धा मरेल. तिसरा गडी सावकाश चालतो. त्याचा पंप दोनच गुंठे करतो. त्यानेही ३० टाकले तर एकराला वीस पंप होऊन ६०० मिलिलिटर औषध पडेल. मग सोयाबीनलाच झटका बसेल. दुकान एक, बाटली एक, पंप एक, आणि तीन शेतांत तीन तऱ्हा!

एकराला २०० लिटरच्या आसपास पाणी पडावे. फार भरभर चालणाऱ्याने चाल कमी करावी हे बरे. नोझल पंख्यासारखा फवारा देणारे घ्यावे. किडीच्या औषधाचे गोल फवाऱ्याचे नोझल इथे नको, त्याने औषध सारखे पडत नाही. पंपाचा दांडा हलवत-झुलवत चालू नये. एका उंचीवर धरावा.

बाटलीवर मात्रा पुष्कळदा हेक्टरात लिहिलेली असते. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर. गुंठ्यात सांगायचे तर शंभराच्या आसपास गुंठे. हेक्टरी एक लिटर म्हणजे एकरी ४०० मिलिलिटर. हेक्टरची मात्रा एकरावर ओतली, तर अडीचपट औषध पडते. हे फार वेळा घडते, म्हणून मुद्दाम सांगितले.

मोजायला बाटलीबरोबर आलेले माप वापरावे. टोपणाचा अंदाज नको. पंपात आधी निम्मे पाणी, मग औषध, मग उरलेले पाणी. पाणी स्वच्छ हवे. गढूळ पाण्यातली माती काही औषधे धरून ठेवते आणि मग ती पिकाला लागतच नाहीत, तणालाही नाहीत. फवारल्यावर निदान तीन तास पाऊस नको. सकाळी दव वाळल्यावर वारा शांत असतो, ती वेळ चांगली.

चिठ्ठी वाचा

बाटलीवर एक चौकोन असतो. त्यात रंगाचा त्रिकोण असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल. त्याहून सौम्य पिवळा. मग निळा. हिरवा सगळ्यांत सौम्य. पण सौम्य म्हणजे निर्धोक नव्हे. बाटलीबरोबर घडीची चिठ्ठी येते. अक्षर बारीक असते, तरी वाचावी. तुम्हाला आता वाचता येते. घाई करू नका, बोट ठेवून एकेक ओळ वाचा. पिकाचे नाव सोयाबीन आहे का? तणांच्या नावांत माठ आहे का? मात्रा किती? मुदत कधी संपते? विषबाधा झाली तर डॉक्टरांनी काय करावे, तेही तिथे लिहिलेले असते. पावती मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. पावतीवाचून तक्रार उभी राहत नाही.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकऱ्यांना आणि मजुरांना विषबाधा झाली. वीसहून अधिक माणसे दगावली. ती औषधे किडीची होती, तणनाशके नव्हती. पण चुका त्याच असतात. वाऱ्याच्या तोंडाला फवारणे, उघड्या अंगाने फवारणे, हाताने औषध ढवळणे, मध्येच तंबाखू मळणे. हातमोजे घालावेत. तोंडाला फडके किंवा मास्क बांधावा. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पायात गमबूट असावेत. ढवळायला काठी घ्यावी. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू नये. फवारणी झाल्यावर साबण लावून अंघोळ करावी आणि ते कपडे वेगळे धुवावेत. पोराबाळांना आणि दोन जिवांच्या बाईला शेतात येऊ देऊ नये. कुणाला मळमळले, चक्कर आली, तर लिंबू-ताकावर वेळ घालवू नये. बाटली किंवा चिठ्ठी बरोबर घेऊन दवाखाना गाठावा.

आता भाजीचे. हे घरातल्या बायकांनी नीट ऐकावे, आणि पुरुषांनी घरी नीट सांगावे. घरधनी सकाळी फवारून येतो आणि बाजाराला जातो. घरात काही बोलत नाही. संध्याकाळी सासूबाई शेतातून ओटाभर माठ खुडून आणतात. पान हिरवेगार दिसते, कारण औषधाने माठ लगेच सुकत नाही हे आपण वर पाहिले. वासही येत नाही. आणि तो माठ चुलीवर चढतो.

फवारलेल्या शेतातला माठ खाऊ नये. धुतला तरी नको. जे औषध पानाच्या आत गेले, ते धुण्याने निघत नाही. शेळीला, गाईलाही तो टाकू नये. तसाही उताराच्या जोमदार रानातला माठ जनावरांना एकट्यावर भरपूर घालणे बरे नाही. तो जमिनीतले नायट्रेट पानात साठवतो आणि ते फार झाले तर जनावराला बाधते. फवारल्या दिवशी घरी आल्याबरोबर आधी सांगावे, "आई, ओढ्याकडच्या रानात आज औषध मारलंय. तिकडचा पाला आणू नका." बांधावर एक काठी रोवून तिला लाल चिंधी बांधावी. शेजारपाजारच्या बायाही भाजी खुडायला येतात, त्यांना कळेल. माठाची भाजी सोडायची गरज नाही. घरामागे दोन वाफे तांदुळज्याचे टाकावेत. महिन्याच्या आत भाजी खुडायला येते.

दरवर्षी तेच औषध नको

एखाद्या शेतात हजारो माठ असतात. त्यांत एखादे झाड असे निघते, की त्याला ते औषध लागतच नाही. बाकीचे मरतात, ते एकटे उरते. त्याचे बी पडते. पुढच्या वर्षी पुन्हा तेच औषध मारले, की त्याची पोरे तेवढी उरतात. चार-सहा वर्षांत सगळे रान तसल्याच माठाने भरते. अमेरिकेत असेच झाले. ग्लायफोसेटला न जुमानणारा पामर माठ तिथे जॉर्जिया राज्यात २००५ साली सापडला. पुढे तो राज्याराज्यांत पसरला. इमाझेथापायरच्या जातीच्या औषधांना दाद न देणारा माठही तिथे आहे. एवढी मोठी यंत्रे असलेल्या देशात शेतकऱ्यांना माणसे लावून माठ खुरपावा लागला.

तेव्हा औषध आलटून पालटून घ्यावे. नाव बदलले म्हणजे औषध बदलले असे नाही. कंपन्यांची नावे दहा असतात, आत औषध एकच असते. बाटलीवर मोठ्या अक्षरात कंपनीचे नाव असते. त्याखाली लहान अक्षरात औषधाचे खरे नाव असते. ते लहान अक्षर वाचावे. पीकही पालटावे. सोयाबीनच्या रानात पुढच्या खरिपात बाजरी किंवा मका घेतला, की औषधही आपोआप पालटते.

फवारणीनंतर जी झाडे उरतील ती उपटावीत. बी धरण्याच्या आत उपटावीत. तुरा आलेले झाड उपटून शेतातच टाकले, तर त्यातले बी तिथेच पिकते. ते गोणीत भरून बाहेर न्यावे आणि वाळवून जाळावे. एकरात अशी वीस-पंचवीस झाडे असतात. एका सकाळचे काम आहे.

काही औषधांचा अंश जमिनीत पुष्कळ महिने राहतो. इमाझेथापायरचा राहतो, डायक्लोसुलमचाही राहतो. सोयाबीनमागून मोहरी किंवा बीट यांसारखे नाजूक पीक घेतले तर ते बसते. कोणत्या पिकाला किती महिने थांबायचे, हे चिठ्ठीत दिलेले असते. पण रब्बीपर्यंत चिठ्ठी हरवते आणि औषधाचे नावही आठवत नाही. म्हणून एक वही करावी. पोराच्या जुन्या वहीची कोरी पानेही चालतील. फवारले त्याच दिवशी संध्याकाळी लिहावे, असे:

"ओढ्याकडचे रान, ३० गुंठे. सोयाबीन पेरले २४ जून. फवारणी १२ जुलै, सकाळी. इमाझेथापायर १० टक्के, ३०० मिलिलिटर. पाणी १५० लिटर, १० पंप. पाऊस दुपारनंतर आला. माठ तीन पानांवर होता."

आणि त्याखाली दोन ओळी कोऱ्या सोडाव्यात. तीन आठवड्यांनी रानात फिरून यावे आणि किती माठ उरला ते तिथे लिहावे.